मन उतरलेल्या दिवसासाठी आनंदाची यादी कशी करावी

मन उतरलेलं असताना ‘आज काय केलं की बरं वाटेल?’ असं स्वतःला विचारू नका. त्या दिवशी त्याचं उत्तर सुचत नाही. मरगळलेलं मन पुढे मिळणाऱ्या आनंदाचा अंदाज फार कमी धरतं. फिरून येऊन काय होणार, गाणं ऐकून काय होणार, असं म्हणत माणूस पडून राहतो. म्हणून तयारी बऱ्या दिवशी करायची आणि वाईट दिवशी फक्त कागदावर लिहिलंय तेवढं करायचं.

हे चालतं, कारण एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं ही मेंदूतली दोन निराळी कामं आहेत. मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या प्रयोगांत मेंदूतलं डोपामीन (ओढ जागवणारं रसायन) जवळजवळ संपवलेले उंदीर स्वतःहून अन्नाकडे वळत नव्हते, पण गोड द्रव तोंडात सोडला की ते आवडल्याच्या खुणा त्यांच्या चेहऱ्यावर उमटत होत्या. खचलेल्या माणसाचंही अनेकदा असंच होतं. ओढ वाटत नाही, तरी गोष्ट सुरू केली की थोडं बरं वाटू शकतं. ओढ वाटण्याची वाट बघत बसलं तर दिवस निघून जातो. नैराश्यावरच्या उपचारांत १९७०च्या दशकापासून मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सोन यांनी सुखद गोष्टींचं वेळापत्रक वापरलं ते याच दिशेने. त्यांच्या प्रश्नावलीत अशा ३२० गोष्टी होत्या. आपल्याला १० ते १२ पुरतात.

यादी लिहिताना

प्रत्येक गोष्ट १५ मिनिटांत संपणारी, दोन मिनिटांत सुरू करता येणारी आणि दुसऱ्या कोणाच्या सवडीवर न अडणारी हवी. मैत्रिणीला फोन करणं चांगलंच, पण तिने उचलला नाही तर त्या दिवशी तेही मनाला लागतं. म्हणून तो यादीत वरती नको.

नेमकं लिहा. ‘गाणी ऐकणे’ असं लिहिलं तर कोणती, कुठे बसून, हे त्या दिवशी ठरवावं लागेल, आणि ठरवण्याचीच ताकद तेव्हा नसते. त्याऐवजी लिहा: ‘हेडफोन लावून, पलंगावर आडवं होऊन, डोळे मिटून अमुक एक गाणं.’ ‘वाचन’ न लिहिता पुस्तकाचं नाव लिहा आणि हव्या त्या पानाला खूण घालून ठेवा.

यादीचे तीन भाग करा: पडल्यापडल्या करायच्या गोष्टी, बसून करायच्या, उठून बाहेर जाऊन करायच्या. फार वाईट दिवशी पहिल्या भागापलीकडे जाता आलं नाही तरी चालेल. यादी कागदावरच हवी, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. फोनमध्ये ठेवली तर ती उघडण्याआधी दुसरंच काहीतरी उघडलं जातं. लागणाऱ्या वस्तू (हेडफोन, पुस्तक, टोक काढलेली पेन्सिल, मोजे) एका खोक्यात एकत्र ठेवा. हेडफोन चार्ज केलेला नाही एवढ्याशा कारणावरून बेत मोडतो.

त्या दिवशी काय करायचं

तुम्हाला झेपेल त्या भागातली पहिली गोष्ट घ्या. निवड करत बसू नका. सुरू करण्याआधी कागदाच्या कडेला ० ते १० मधला एक आकडा लिहा, यातून किती बरं वाटेल असं वाटतंय त्याचा. झाल्यावर खरोखर किती वाटलं तो आकडा शेजारी लिहा. काही वेळा दोन्ही सारखेच येतील. पण बऱ्याचदा दुसरा आकडा मोठा असतो, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले हे आकडे पुढच्या खेपेला ‘काही उपयोग नाही’ या विचाराशी भांडायला कामी येतात. मात्र गोष्ट चालू असताना मध्येच ‘वाटतंय का बरं?’ असं तपासू नका. लक्ष त्या गोष्टीवरून स्वतःवर येतं आणि तिची चव जाते.

सगळ्यात आधी आजमावण्यासारखी गोष्ट म्हणजे सकाळचा उजेड. घरात दिव्याखाली साधारण १०० ते ५०० लक्स (प्रकाश मोजण्याचं एकक) इतका प्रकाश असतो. बाहेर ढगाळ असलं तरी तो हजारोंत असतो आणि उन्हात ५०,०००च्याही पुढे जातो. डोळे जुळवून घेतात म्हणून हा फरक जाणवत नाही, पण शरीराचं घड्याळ मात्र त्याच्यावर चालतं. उठल्यावर तासाभरात १५ मिनिटं बाहेर उभं राहा किंवा चाला. सूर्याकडे थेट बघायचं नाही. काचेच्या आड थोडं आत बसलं की प्रकाश बराच घटतो, तेव्हा खिडकी उघडून तिच्या अगदी जवळ बसा किंवा दाराबाहेर या.

संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसणं फार सोपं आणि खात्रीचं. घोटे बुडतील इतकं, साधारण ४० अंश सेल्सिअसचं पाणी, १० ते १५ मिनिटं. झोपण्याच्या तास-दीड तास आधी केलं तर पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची आतली उष्णता बाहेर पडते आणि झोप यायला मदत होते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर हे करू नका, कारण पोळल्याचं कळत नाही.

एखादा नाद लावून घेताना

छोटे आनंद तो तास सांभाळतात, आठवडा सांभाळायला मात्र नाद लागतो. नाद निवडताना आम्ही एकच कसोटी लावतो: आज थांबल्यावर उद्यासाठी काही प्रश्न उरतो का? उद्याची वाट बघावीशी वाटणं हेच मरगळीत हरवलेलं असतं.

या कसोटीवर आकाश बघणं फार खरं उतरतं. १० गुणिले ५० ची दुर्बीण (१० पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) पुरते, तीही कोणाकडून मागून आणलेली. सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेला नको. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्या उरत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात. अमावस्येनंतर साधारण आठवड्याने, अर्धा चंद्र असताना, उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर बघा. तिथे विवरांच्या कडा लख्ख उठून दिसतात. चित्र थरथरत असेल तर दोष हातांचा आहे. पाठ भिंतीला आणि कोपरं गुडघ्यांना टेकवून बसा.

मग गुरू. तो आकाशात असेल तेव्हा दुर्बीण स्थिर धरली की त्याच्या दोन्ही बाजूंना, एका रेषेत, बारीक ठिपके दिसतात. ते त्याचे चार मोठे चंद्र, १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले. कधी चारही दिसतात, कधी दोनच, कारण उरलेले गुरूच्या पुढे किंवा मागे असतात, नाहीतर त्याच्या झगझगाटात लपतात. वहीत मधोमध एक गोल काढा, शेजारी ठिपके मांडा, तारीख आणि वेळ घाला. सर्वांत आतला आयो साधारण ४२ तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे दुसऱ्या रात्रीची मांडणी वेगळी निघते. हा बदल स्वतःच्या वहीत पाहण्यात विलक्षण सुख आहे. फिकट तारे बघायचे असतील तर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं द्या. एकदा फोनकडे पाहिलं की ती मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर पडणं जमत नसेल तर हाताला काम देणारा नाद घ्या. क्रोशा शिकताना जाड, फिक्या रंगाची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्या. गडद लोकरीत टाके दिसत नाहीत आणि शिकणारा वैतागतो. पट्टी वर जाताना निमुळती होत असेल तर प्रत्येक ओळीचा शेवटचा टाका सुटतो आहे. ओळ संपली की टाके मोजा. कागदी घड्या घालायच्या असतील तर १५ सेंटिमीटरचा, काटेकोर चौरस कागद हवा. एक बाजू दोन मिलिमीटरने जास्त असली तरी टोकं जुळत नाहीत.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते अतीमुळे. आवडलेलं गाणं लागोपाठ वीस वेळा ऐकलं की ते बोथट होतं, कारण सुखाची मनाला फार लवकर सवय होते. एक गोष्ट रोज न करता आलटून पालटून करा. नादातही मन भरायच्या आत उठा, क्रोशाची ओळ अर्धी असतानाच. दुसऱ्या दिवशी बसणं सोपं जातं.

नादाबद्दलचे व्हिडिओ बघत बसणं हा नाद नव्हे. सामानाची खरेदीही नव्हे. पहिले तीन आठवडे घरातलं किंवा मागून आणलेलं वापरा. दोन सुखं एकत्र करू नका: पाय पाण्यात आणि हातात बातम्या, असं झालं की दोन्ही वाया. दारू या यादीत नको, कारण ती झोप मोडते आणि दुसरा दिवस आणखी खाली नेते.

उदासी दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसभर टिकली, किंवा झोप, भूक, काम यांवर परिणाम झाला, तर यादी चालू ठेवा आणि डॉक्टरांनाही भेटा. ही यादी उपचारांच्या जागी बसत नाही. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि वैद्यकीय मदत घ्या.

यादी दर दोन महिन्यांनी, बऱ्या दिवशी, आकडे समोर ठेवून तपासा. सलग तीनदा २च्या खाली आलेली गोष्ट खोडा आणि तिच्या जागी नवी, तितक्याच नेमकेपणाने लिहा.