गणपतीला गावी निघण्याआधी हौदाचा पंप

नेरूळला आमच्या रो-हाउसपुढे ६ बाय ४ फुटांचा, २ फूट खोल हौद आहे. साधारण साडेतेराशे लिटर पाणी, कमळाच्या दोन कुंड्या, आठ गोल्डफिश आणि मोजणीबाहेरचे गप्पी. तळाशी ४० वॅटचा बुडीत पंप. तो पाणी फिल्टरवर चढवतो, तिथून ते दगडावरून परत हौदात पडतं. गेल्या वर्षी आम्ही कुडाळला होतो आणि नेमका गौरीजेवणाच्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला, ‘अरे, तुझं कारंजं बंद पडलंय.’ मी पानावरून न उठता सांगून मोकळा झालो, ‘काकू, जरा वायर हलवून बघा ना.’ बाहेर पाऊस, काकूंच्या पायात ओल्या सपाता, आणि मी हे सांगतोय. यंदा बॅगा भरण्याआधी ही यादी लिहून काढली ती त्यामुळेच.

पहिली गोष्ट काकूंसाठी मोठ्या अक्षरात: पंप बंद दिसला तर पाण्यात हात घालायचा नाही, वायरला धरून पंप ओढायचा नाही. आधी घरात जायचं. बोर्डावरच्या ज्या एमसीबीवर (लाइन तोडणाऱ्या खटक्यावर) हौदाची लाइन आहे तिच्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ती खाली पाडून, बाहेरचा प्लग काढल्याशिवाय हौदाला कुणी शिवायचं नाही.

शोध घ्यायचा तो घराकडून पाण्याकडे. आपण सगळे उलटं करतो, कारण बंद पडलेला पंप डोळ्यांसमोर असतो. आमच्याकडे दिवे-पंखे इन्व्हर्टरवर आहेत, हौद नाही. त्यामुळे घर लख्ख उजळलेलं असतं आणि रस्त्यावरची लाइट गेल्याचा पत्ताच नसतो. तीन फेजचं कनेक्शन असेल तर एकच फेज जाऊन फक्त हौद आणि गीझर बंद, असंही होतं. म्हणून काकूंनी आधी फ्रिज चालू आहे का बघायचं, मग समोरच्यांना विचारायचं. सगळ्यांचीच गेली असेल तर महावितरणचा १९१२.

लाइट असूनही पंप बंद असेल तर बोर्डातली आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका, पडलीय का ते बघायचं. आमची ३० मिलिअँपिअरची आहे, म्हणजे तेवढा करंट भलतीकडे झिरपायला लागला की ती खटका पाडते. प्लग काढून वर केली की टिकते आणि पंप लावला की पडते, तर पंपात किंवा त्याच्या वायरीत पाणी शिरलंय. अशा वेळी पुन्हापुन्हा वर करून बघण्यात शहाणपण नाही. पंप बादच समजा. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, निघण्याआधी ते दाबून बघा. ती पडलीच नाही तर गावी जाण्याआधी वायरमन बोलवा, मोदकांचं नंतर बघू. ज्यांच्या बोर्डात ही वस्तूच नाही त्यांनी हौदात पंप ठेवू नये, असं माझं मत आहे.

आता गेल्या वर्षीचा घोळ. काकूंच्या पुतण्याने बाहेरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो लागला. लाइट येतेय म्हणजे पंप जळला, असा निकाल मी कुडाळहून दिला. बिचाऱ्याने नवा पंप आणला, तोही ढिम्म. शेवटी वायरमनने सॉकेटची पेटी उघडली तर आत मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड, पांढऱ्या अंड्यांचा थर, आणि न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, स्क्रू सैल होऊन वायर कोळशासारखी काळी पडलेली. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल सुटलाय हे त्याला कळत नाही. म्हणून सॉकेट तपासायला मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून बघा. तो चालला तरच पंपावर आरोप करा. निघण्याआधी, मेन स्विच बंद करून, ती पेटी उघडून घ्या, स्क्रू आवळून घ्या, झाकणाचं रबर बदला. आणि पंपाची वायर सॉकेटकडे सरळ उतरत येऊ देऊ नका. सॉकेटच्या खालपर्यंत झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पावसाचं पाणी झोलाच्या टोकाला ठिबकून जातं. काळी टेप गुंडाळलेला जोड पाण्यात किंवा गवतात पडलेला असेल तर वायरच बदला.

सॉकेट ठीक निघालं की मग पंप. लाइट बंद करूनच बाहेर काढा. आधी नुसताच गुणगुणत असेल तर मोटरपर्यंत लाइट येतेय, आतली चक्री अडकलीय. पुढचं झाकण फिरवलं की ही चक्री, म्हणजे इम्पेलर, चुंबकासकट हातात येतो. आमच्याकडे त्यावर कमळाच्या मुळांची वेणी आणि एक गोगलगाय निघाली होती. जुन्या टूथब्रशने घासा, पांढरा थर बसला असेल तर पंप तासभर व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा. मधला दांडा बऱ्याच पंपांत सिरॅमिकचा असतो, फरशीवर पडला की काचेसारखा तुटतो. मी तो बाथरूममध्ये मोडलाय, म्हणून हे काम आता टॉवेलवर करतो. ही सफाई निघण्याच्या आदल्या दिवशी न करता आठवडाभर आधी करा, म्हणजे परत जोडताना काही चुकलं असेल तर आपण घरी असतानाच कळेल. पंप गुणगुणतही नसेल तर प्लगच्या दोन पिनांना मल्टिमीटर ओहमवर लावून बघा. आकडाच आला नाही तर वायर किंवा वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तुटलीय. असे पंप आतून रेझिनने भरलेले असतात, उघडून दुरुस्त होत नाहीत.

पंप चालतोय पण धार मेली असेल तर जाळी आणि स्पंज धुवा. ते हौदाच्याच पाण्यात. नळाखाली धुतले तर क्लोरीनने स्पंजातले घाण पचवणारे जिवाणू मरतात.

दरम्यान मासे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. शिवाय रात्री वनस्पती तो वापरतात, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर तांब्याने पाणी उंचावरून ओता, दर अर्ध्या तासाने. खाणं पूर्ण बंद. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहतात, काकूंच्या जिवाला मात्र ते बघवत नाही, त्यामुळे खाण्याचा डबा मी सरळ कपाटात टाकून जाणार आहे. पाणी घालायचं झालं तर मोरबे धरणाचं नळाचं पाणी आदल्या दिवशी पिंपात काढून ठेवलेलं, आणि पिंपाला झाकण हवंच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आपल्या गावच्या मुक्कामाएवढेच. हौदातल्या अळ्यांचं गप्पी बघून घेतात, उघड्या पिंपात गप्पी नसतात.

शेवटी एक डबा: जादा इम्पेलर, टूथब्रश, टॉर्च, वायरमनचा नंबर, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो सेलवर चालणारा हवेचा पंप. सेल त्यात भरून ठेवू नका, पावसाळ्यात गळतात. वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि पिशवी डब्यातच आहे हे काकूंना दाखवून द्या.