तुटलेल्या बोटाचा कोड : नाकारलेला दावा कसा दुरुस्त केला

अमेरिकेतील आयसीडी-१०-सीएम (आजार व दुखापतींच्या निदानांना कोड देण्याची पद्धत) नुसार कोड केलेला उपचारखर्चाचा एक दावा विमा कंपनीकडून परत आला, तेव्हा त्यावर ‘एस६८.११४ए’, म्हणजे उजव्या अनामिकेचे मुळाच्या सांध्यातून पूर्ण विच्छेदन, असे निदान होते. शस्त्रक्रियेची नोंद मात्र मधल्या पेरातून अंशतः तुटलेल्या बोटाची होती. सॉफ्टवेअरमध्ये ‘बोटाचे विच्छेदन’ शोधले की एस६८.१ हा गट आधी दिसतो, आणि पेरातून झालेल्या विच्छेदनासाठी एस६८.६ हा स्वतंत्र गट आहे याकडे घाईत कोणाचेच लक्ष जात नाही.

मी क्ष-किरण अहवालावरून बोट नेमके कुठून तुटले ती पातळी निश्चित केली आणि बोट त्वचेच्या पट्ट्याने जोडलेले असल्याची शल्यविशारदांची नोंद पाहून ‘एस६८.६२४ए’ हा कोड दिला. अंशतः की पूर्ण हे कागदपत्रांत नसेल, तर नियमाप्रमाणे पूर्ण विच्छेदन धरावे लागते. तरीही असा उल्लेख नसल्यास आधी डॉक्टरांना लेखी विचारणेच मला योग्य वाटते. अंगठ्याचे गट वेगळे आहेत (मुळाच्या सांध्यासाठी एस६८.०, पेरासाठी एस६८.५), आणि एकाहून अधिक बोटे तुटली असतील तर प्रत्येक बोटाचा कोड स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

शेवटचे अक्षर पहिल्या भेटीशी नव्हे, तर उपचाराच्या टप्प्याशी जोडलेले आहे : सक्रिय उपचार चालू असेपर्यंत ‘ए’, जखम भरण्याच्या काळातील तपासण्यांसाठी ‘डी’, आणि नंतर उरलेल्या परिणामांसाठी ‘एस’. सुधारित दाव्यासोबत शस्त्रक्रियेची नोंद जोडली आणि तो मंजूर झाला.