लष्करी विमान अपघाताचा चौकशी अहवाल कसा वाचावा

अमेरिकी हवाई दल गंभीर अपघाताच्या दोन स्वतंत्र चौकश्या करते. सुरक्षा चौकशीत गोपनीयतेच्या हमीवर घेतलेले जबाब बाहेर येत नाहीत. लोकांपुढे येतो तो अपघात चौकशी मंडळाचा अहवाल. त्यातील कारणांविषयीचे मतही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून धरले जात नाही, त्यामुळे तो न्यायनिवाडा समजून वाचू नये.

उदाहरणादाखल 2 मे 2018 रोजी जॉर्जिया राज्यातील सव्हाना येथे कोसळलेल्या, पोर्तो रिको एअर नॅशनल गार्डच्या (हवाई दलाच्या राखीव दलाच्या) डब्ल्यूसी-130एच विमानाचा अहवाल घ्यावा. चार इंजिनांचे हे जुने विमान सेवानिवृत्तीसाठी ॲरिझोनाला निघाले होते. त्यातील नऊही जणांचा मृत्यू झाला.

निष्कर्षाचे पान आधी उघडण्याचा मोह टाळावा. प्रथम घटनाक्रम काढून कागदावर दोन रकाने आखावेत: एकात इंजिनाने काय केले, दुसऱ्यात वैमानिकांनी काय केले. या विमानाने धावपट्टी सोडण्याच्या सुमारे आठ सेकंद आधीच डावीकडच्या पहिल्या क्रमांकाच्या इंजिनाचे फेरे आणि जोर लक्षणीय घटले होते, पण ते ध्यानात आले नाही आणि उड्डाण रद्द झाले नाही. पुढे ते इंजिन बंद करण्यात आले, मात्र त्यासाठीच्या तपासयाद्या नीट पूर्ण झाल्या नाहीत.

यानंतरचा भाग समजण्यासाठी थोडे उड्डाणशास्त्र हवे. डावे इंजिन बंद पडले की उजवीकडची इंजिने विमानाचे नाक डावीकडे ढकलतात. ते सावरण्यासाठी उजवा रडर द्यावा लागतो, म्हणजे शेपटीवरची उभी हलती फळी उजवीकडे वळवावी लागते, आणि वेग जितका कमी तितकी रडरची पकड कमी. या वैमानिकाने विमान बंद इंजिनाच्या बाजूलाच वळवले आणि सुमारे 900 फूट उंचीवर नऊ अंशांहून अधिक डावा रडर दिला. विमान घसरत वळले, डाव्या पंखाची उचल संपली आणि ते महामार्ग क्रमांक 21 वर आदळले. तीन इंजिनांवर ताबा राखण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाहूनही त्याचा वेग तेव्हा कमी होता. अहवालाने मुख्य कारण ठरवले ते हा चुकीचा रडर. इंजिनाचा बिघाड नव्हे.

आता ‘मुख्य कारण’ आणि ‘हातभार लावणारे घटक’ वेगळे वाचावेत, कारण बातम्यांत बहुधा पहिलेच उरते. येथे दुसऱ्या यादीत आपत्कालीन कृतीची अपुरी पूर्वतयारी आणि रद्द न केलेले उड्डाण यांच्याबरोबर देखभाल कर्मचाऱ्यांचेही अपयश आहे: त्या इंजिनातील दोषाचे त्यांनी योग्य निदान केले नव्हते आणि दुरुस्तीही नीट झाली नव्हती. म्हणून देखभालीचे प्रकरण वैमानिकांविषयीच्या प्रकरणाइतकेच बारकाईने वाचावे, आणि त्यातील नोंदी पहिल्या रकान्याच्या वर, उड्डाणाच्या आधीच्या तारखांसह लिहाव्यात.