मधुमेही मांजर दत्तक घेताय? आधी घरातलं घड्याळ बघा

बंड्या आमच्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. आधीच्या घरी त्याच्या वाळूच्या घमेल्याला मुंग्या लागायच्या, पाण्याचं भांडं सारखं रिकामं व्हायचं आणि भरपूर खाऊनही सात किलोंचा बोका पाचावर आला होता. रक्तातली साखर साधारण २५०-३००च्या पुढे गेली की मांजराची मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. तहान त्यामुळेच, आणि मुंग्याही.

असं मांजर घ्यायला लोक नाही म्हणतात ते सुईच्या भीतीने. खरं तर सुई इतकी बारीक असते की बंड्या ताटलीतून डोकंही वर काढत नाही. अवघड असतात ते बारा तास. बहुतेक मांजरांना इन्सुलिन दिवसातून दोनदा लागतं, सकाळी सातला दिलं तर संध्याकाळी सातला, रविवारीसुद्धा. आमच्या नाशिकसारखी सातपूर-अंबडला कारखान्यात शिफ्टची नोकरी असेल तर हे गणित आधी मांडा. घरात इंजेक्शन देणारी माणसं किमान दोन हवीत. आमच्याकडे सकाळ माझी आणि संध्याकाळ सासूबाईंची. त्या स्वतः इन्सुलिन घेतात, त्यामुळे हात बसलेला.

आणण्याआधी

आधीच्या मालकांकडून किंवा सांभाळणाऱ्यांकडून चार गोष्टी कागदावर घ्या: इन्सुलिनचं नाव, किती युनिट, कोणती सिरिंज, आणि सध्या नेमकं काय खातो. सोबत रक्ताचे रिपोर्ट मागा. नुसत्या एका साखरेच्या आकड्यावर जाऊ नका. दवाखान्यात नेलेल्या घाबरलेल्या मांजराची साखर एरवीही चढते. फ्रुक्टोसामाइनची तपासणी गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, ती झाली आहे का विचारा. मग डॉक्टरांसमोर एक इंजेक्शन स्वतःच्या हाताने देऊन पाहा. नुसत्या सलाइनचं चालेल.

सिरिंज: इथे घाई नको

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. अनेक साध्या बाटल्यांत मिलीला ४० युनिट असतात. मांजरांसाठी बरेचदा वापरलं जाणारं ग्लार्जिन १०० युनिटांचं असतं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरलं तर मांजराच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातात. एवढ्याने जीव जाऊ शकतो. एका दुकानातून मला नारिंगीऐवजी लालच दिली होती, "सगळ्या सारख्याच हो ताई" म्हणून. टोपणाचा रंग सासूबाईंच्या नजरेला पडला म्हणून बंड्या वाचला. तेव्हापासून फ्रिजमध्ये त्यांची बाटली वरच्या कप्प्यात, बंड्याची खालच्या डब्यात, डब्यावर मांजराचं चित्र.

बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि सारख्या उघडझाप होणाऱ्या दारातही नाही. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर फ्रिज उघडू नका. वीज फारच वेळ आली नाही तर बाटली फडक्यात गुंडाळून बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवा, बर्फाला चिकटू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा.

इंजेक्शन

आधी खाणं पुढे ठेवा. त्याने तोंड लावलं की मगच सिरिंज भरा. इन्सुलिन दुधाळ असेल तर बाटली तळहातांत हलके फिरवा, हलवू नका. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छच दिसायला हवं, गढूळ झालं तर टाकून द्या. बुडबुडे काढा. बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचला, सुई आत, दाबा, बाहेर. जागा रोज थोडी बदला आणि सुई दरवेळी नवी घ्या.

कधी सुई आरपार जाते आणि केस ओले होतात. किती आत गेलं कळत नसेल तर दुसरा डोस देऊ नका. एक वेळ साखर वाढलेली चालते, दुप्पट इन्सुलिन चालत नाही. जेवला नाही, ओकला किंवा मलूल पडला तर सुई भरण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

वापरलेल्या सुया घंटागाडीच्या पिशवीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्यांच्या हातात घुसतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात नेऊन द्या.

खाणं

मांजराचं शरीर मांसावर चालतं, आणि आपण त्याला दूध-पोळी घालतो! पिष्ट कमी, प्रथिनं जास्त असं ओलं खाणं या आजारात औषधाइतकंच काम करतं. कोरड्या दाण्यांत सहसा पिष्ट जास्त असतं. पाकिटातल्या रश्श्यातही दाटपणासाठी पीठ असू शकतं, म्हणून घट्ट गोळ्यासारखा प्रकार बरा. उकडलेलं चिकन द्या, पण मीठ, कांदा, लसूण न घालता, आणि नुसत्या त्याच्यावर ठेवू नका. त्यात टॉरिनसारखे घटक पुरेसे मिळत नाहीत.

आणल्या दिवसापासून खाणं बदलायचा उत्साह मात्र आवरा. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते, आणि जुनाच डोस चालू राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. पहिले काही दिवस जुनं खाणं, जुना डोस. बदल डॉक्टरांशी बोलून, साखर मोजत. शेजारच्या मुलांनाही सांगून ठेवा. आमच्या मजल्यावर पार्ले-जी वाटपाचा कार्यक्रम बंद करायला मला दारावर चिठ्ठी लावावी लागली.

साखर पडली तर

पाय लटपटणं, डोकं डुलणं, शून्यात बघणं, झटके. आधी मीटर शोधत बसू नका. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खायला द्या. नसेल तर मध किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरडीला चोळा. घशात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. झटका चालू असताना तोंडात बोट घालू नका. मग थेट दवाखाना, बरं वाटलं तरी. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता हे आधीच शोधून ठेवा. पंचवटीत राहणाऱ्यांनी २०२७च्या सिंहस्थात पर्वणीला रस्ते बंद असतील हे धरून गोदावरीच्या दोन्ही बाजूंचा एकेक दवाखाना हेरून ठेवावा.

रोजची वही

कानाच्या कडेला टोचून घरच्या ग्लुकोमीटरवर साखर मोजता येते. कान आधी कोमट फडक्याने शेकला की थेंब पटकन येतो. माणसांचं मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून कोणत्या आकड्याखाली इन्सुलिन द्यायचं नाही ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. रोज वहीत पाणी किती प्यायला, खाल्लं किती, डोस किती. आठवड्याला वजन. दिवाळीच्या फटाक्यांत बंड्याचा आकडा चढतो, तेवढ्यावरून मी डोस वाढवत नाही. वही दाखवून डॉक्टर ठरवतात.

लवकर उपचार सुरू झालेल्या आणि खाणं सुधारलेल्या काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. सुटलं तरी खाणं तेच ठेवायचं आणि तपासण्या चालू ठेवायच्या, कारण साखर परत येऊ शकते. बंड्याचं अजून सुटलेलं नाही, दोन युनिटांवरून एकावर आलाय. पाणी कमी झालंय, घमेल्याला मुंग्या नाहीत, आणि सातला पाच कमी असताना तो स्वतःच फ्रिजसमोर येऊन बसतो.