परदेशी मित्राला पेठांमधून दिवसभर कसे भटकवावे

पुण्यात शिकायला आलेली परदेशी मुले बरेच महिने वसतिगृह, कॉलेज आणि फर्ग्युसन रस्ता एवढ्यातच फिरत राहतात. मग एखादा वर्गमित्र त्यांना गाडीवर मागे बसवतो, चार तासांत शनिवारवाडा, लाल महाल आणि दगडूशेठ उरकतो आणि परत आणून सोडतो. केनियाहून आलेल्या माझ्या वर्गमित्राला मीही पहिल्यांदा असेच फिरवले. संध्याकाळी त्याने विचारले, "शनिवारवाडा पाहिला. बाकीचे वार कुठे आहेत?" दुसऱ्या खेपेला गाडी घरी ठेवली. खाली दिली आहे ती त्या दुसऱ्या खेपेची रीत.

आदल्या दिवशी

सोमवार टाळा, लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकाने त्या दिवशी बंद असतात. बुटांऐवजी पटकन काढता येतील अशा चपला घालायला सांगा, कारण दर दोनशे पावलांवर देऊळ लागणार आहे. पासपोर्ट सोबत हवा. शनिवारवाड्यात जायचे असेल तर परदेशी पाहुण्याला तिकीट आपल्यापेक्षा बरेच महाग पडते, पण नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा सार्क किंवा बिमस्टेक देशांतला विद्यार्थी आपल्याच दरात आत जातो. हे खिडकीवर आपणहून सांगायचे आणि पासपोर्ट दाखवायचा.

सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे चार वाक्ये पाठ करून घेणे: "काका, हे कुठे आलं?", "सरळ की डावीकडे?", "तिखट कमी", "किती झाले?" दिवसभर पत्ता विचारायचा तो पाहुण्याने. तुम्ही दहा पावले मागे राहायचे आणि गप्प बसायचे. पुणेकराला हे जड जाते, मला ठाऊक आहे.

सकाळ: कसबा ते सोमवार

मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरा. ग्रामदैवत कसबा गणपतीला नमस्कार करून तांबट आळीकडे वळा. इथे पत्ता विचारावाच लागत नाही, हातोडीचा आवाज वाट दाखवतो. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके पाडत जाण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि वर नक्षीही उठते. कारागीर कामात असेल तर दारातूनच बघा. मोकळा दिसला तर पाहुण्याला बोलू द्या.

तिथून सोमवार पेठेत त्रिशुंड गणपती. माझ्या मते हे पुण्यातले सर्वांत कमी पाहिले जाणारे सुंदर देऊळ. अठराव्या शतकातले, काळ्या दगडाचे, नागझरी ओढ्याच्या काठी. आतला गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. पण घाईने आत शिरू नका. दर्शनी भिंतीवर एक गेंडा आहे, आणि गोरे शिपाई त्याला साखळदंडाने बांधत आहेत. पुण्याच्या देवळात गेंडा का, असे पाहुण्याला विचारा आणि उत्तर द्यायची घाई करू नका. माझा मित्र बराच वेळ तिथून हलला नाही. त्याच्या देशात गेंडे आहेत, त्यामुळे शिंग बरोबर कोरले आहे की नाही यावर तो माझ्याशी वाद घालत बसला. आत संस्कृत आणि फारसी असे दोन्ही भाषांतले शिलालेख आहेत.

दुपार: नावे गोळा करायची

आता नकाशा बंद. पाहुण्याच्या हातात एक चिठ्ठी द्या: डुल्या मारुती, सोन्या मारुती, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर. जमतील तेवढे शोधायचे. परदेशी माणूस भर रस्त्यात "काका, खुन्या मुरलीधर कुठे आलं?" असे विचारतो तेव्हा निम्मी गल्ली मदतीला धावते आणि प्रत्येक जण वेगळा रस्ता सांगतो. नाव का पडले याच्या गोष्टीही वेगवेगळ्या ऐकू येतात. जिलब्या मारुतीला शेजारचा हलवाई जिलब्यांची माळ घालत असे, असे म्हणतात. पासोड्या विठोबाजवळ पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या चादरींचा, बाजार भरायचा म्हणे. खरे-खोटे ठरवत बसू नका, ऐकून घ्या.

वाटेत वारही पुरे करून घ्या. आठवड्याच्या सातही दिवसांच्या पेठा इथे आहेत. गुरुवारचे जुने नाव वेताळ पेठ, हे सांगितल्यावर पाहुणा ते कधी विसरत नाही. बुधवार पेठेतल्या काही गल्ल्यांत वेश्यावस्ती आहे, तिथे मात्र कॅमेरा खिशातच राहू द्या. तिथल्या बायकांचे न विचारता फोटो काढणे वाईटच.

दगडूशेठच्या समोर भिडेवाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथे. बाहेरगावी शिकायला आलेल्या कुणालाही ही जागा दाखवावी, फार न बोलता.

जेवण एकच्या आधी उरका. एकदा आम्ही दीड वाजता एका नावाजलेल्या खाणावळीच्या दारात पोहोचलो. आत पंखे फिरत होते, मालक पेपर वाचत होते. "चारनंतर या," एवढे बोलून त्यांनी पान उलटले. मित्राला वाटले आमचे काहीतरी चुकले. तेव्हापासून मिसळ अकरालाच, आणि सोबत ताक.

ऊन तापले की मंडईत शिरा. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ सालची, आत गारवा असतो. तिथून तुळशीबाग ओलांडून शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभारले. सगळी दालने पाहायला जाऊ नका. दिवे आणि अडकित्ते एवढेच नीट पाहा. एका साध्या कामासाठी माणसे किती आकार शोधतात हे अडकित्त्यांच्या कपाटासमोर कळते, आणि सुपारी म्हणजे काय हेही तिथेच समजावता येते.

संध्याकाळ: पर्वती

एक अमृततुल्य चहा, मग रिक्षा. मीटर टाकायला पाहुण्यानेच सांगायचे. पर्वतीला पायऱ्या १०३. त्या मराठीत मोजत चढायच्या, चुकले तर पुढच्या पायरीवर जायचे नाही. दहापर्यंत सगळे ऐटीत असतात. एकोणीसला पहिली ठेच लागते, एकोणतीसला दम लागल्याचे निमित्त होते, आणि एकोणसाठला शेजारून चढणाऱ्या आजी थांबून शिकवायला लागतात.

आमची मोजणी वर पोहोचेपर्यंत ९७ भरली. सूर्य मावळेपर्यंत वर बसलो आणि उतरताना पुन्हा मोजले. ११० निघाल्या.