जर्मनीत बँक खातं उघडायचंय? आधी पत्ता, मग कार्ड

दर ऑक्टोबरला विंटर सेमिस्टर सुरू झालं की पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून नवीन आलेल्या मुलामुलींचे तेच मेसेज यायला लागतात, ताई बँकेचं काय करू, ताई कार्ड अजून आलंच नाही, ताई ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे निघत नाहीयेत. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. विद्यार्थ्यांसाठी लिहितेय पण नोकरीवर आलेल्यांनाही यातलं बरंचसं लागू आहे.

पहिली गोष्ट, श्पेरकोंटो म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट आणि गिरोकोंटो म्हणजे रोजच्या वापराचं खातं, ही दोन वेगळी खाती आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की ब्लॉक्ड अकाउंट उघडलंय ना, मग जर्मनीत खातं झालंच. नाही झालं. ते खातं व्हिसासाठी असतं, सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ युरो तुमच्या गिरोकोंटोत येतात. म्हणजे गिरोकोंटो नसेल तर स्वतःचेच पैसे समोर दिसतात पण हातात येत नाहीत. ही रक्कम अधूनमधून वाढते, त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी जर्मन दूतावासाच्या साइटवर चालू आकडा बघून घ्याच.

पैसे भारतातून पाठवताना दोन गोष्टी. बँकेत ए२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म) भरताना चार्जेस कोण देणार असं विचारतात तिथे 'अवर' निवडा, म्हणजे सगळे चार्जेस तुमच्याकडून भारतातच कापले जातील. नाहीतर मधल्या बँका वाटेत पंधरा-वीस युरो कापतात, पलीकडे रक्कम कमी पोचते आणि तेवढ्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटचं कन्फर्मेशन अडकतं, मग व्हिसाची अपॉइंटमेंट तोंडावर आलेली असताना परत पैसे पाठवत बसा. थोडे पैसे जास्तच पाठवा. दुसरं म्हणजे टीसीएस, पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर तो लागतो आणि वरची रक्कम रुपयांत केली की त्याच्या पुढेच जाते, पण मान्यताप्राप्त बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पैसे जात असतील तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलं असेल तर रिटर्न भरताना तो क्लेम करता येतो, त्याचं सर्टिफिकेट आईबाबांकडे जपून ठेवायला सांगा.

आता जर्मनीत उतरल्यावर. इथे सगळ्यात जास्त घोडं अडतं ते पत्त्यावर. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची हा कायदाच आहे, ती ब्युर्गरआम्टमध्ये म्हणजे नागरिकांच्या सरकारी ऑफिसात होते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा फॉर्म लागतो. नुसतं भाडेकरारावर काम होत नाही, तो फॉर्म वेगळा मागून घ्यायचा. घर बघतानाच मालकाला स्पष्ट विचारा की इथे आनमेल्डुंग करता येईल ना, नाही म्हणाला तर ते घर कितीही स्वस्त असो, सोडा, कारण बँक, टॅक्स आयडी, रेसिडेन्स परमिट सगळं त्याच एका कागदावर चालतं. बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत अपॉइंटमेंट पटकन मिळत नाहीत, रोज सकाळी लवकर साइट उघडून बघत राहा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. उशिराची तारीख मिळाली तर बुकिंगचा पुरावा ठेवा म्हणजे झालं.

आणि प्लीज, लेटरबॉक्सवर आपलं नाव लावा. इथे पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, फ्लॅट नंबर बहुतेक घरांना नसतोच. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पत्रात येतं, पिन दुसऱ्या पत्रात वेगळ्या दिवशी येतो, अॅप चालू करायचा कोड कधीकधी तिसऱ्या पत्रात, आणि ११ अंकी टॅक्स आयडी तोही पोस्टानेच. यातलं एक जरी पत्र परत गेलं तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून मागवावं लागतं. तात्पुरतं मित्राकडे राहत असाल तर फॉर्मवर पत्त्यात मित्राचं नावही 'केअर ऑफ' म्हणून लिहा आणि बॉक्सवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी चिकटवा, मालकाला विचारून.

नावावरून आठवलं, आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. जर्मन फॉर्मवर फोरनामे म्हणजे नाव आणि नाखनामे म्हणजे आडनाव, एवढेच दोन रकाने. पासपोर्टवर जसं आहे अगदी तस्संच भरा, वडिलांचं नाव गाळू नका. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो झोनमधल्या बँका पैसे जायच्या आधी नाव आणि आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक जुळतं का ते तपासतात, त्यामुळे विद्यापीठात एक नाव, बँकेत दुसरं आणि नोकरीच्या कॉन्ट्रॅक्टवर तिसरं असं केलंत तर दर वेळी पैसे पाठवणाऱ्याला नाव जुळत नाही अशी सूचना दिसेल.

बँक कुठली घ्यायची? माझं मत सरळ आहे, पहिलं खातं अशा बँकेत काढा जिचा आयबॅन डीई ने सुरू होतो, म्हणजे जर्मन, अक्षरं-अंक मिळून २२ चा. दुसऱ्या युरोपीय देशाचा आयबॅन नाकारणं नियमाविरुद्ध आहे पण घरमालक आणि छोट्या ऑफिसांशी त्यावरून हुज्जत घालत बसायला नवीन माणसाला वेळ नसतो. श्पारकासे गावोगाव आहे, काउंटरवर माणूस भेटतो, पण बऱ्याच ठिकाणी महिन्याची फी असते, विद्यार्थ्यांना ठरावीक वयापर्यंत माफ असते ते विचारा. डॉइचे बँक, कॉमर्झबँक, पोस्टबँक, हायपोफराइन्सबँक यांचा कॅश ग्रुप आहे, एकाचं कार्ड दुसऱ्याच्या एटीएमवर फुकट चालतं. एन२६ सारख्या फक्त अॅपवरच्या बँका झटपट होतात पण तिथे गिरोकार्ड म्हणजे जर्मनीचं स्वतःचं डेबिट कार्ड नसतं, डेबिट मास्टरकार्ड असतं. आणि जुन्या बेकऱ्या, छोटी दुकानं, काही सरकारी ऑफिसं अजून फक्त गिरोकार्ड किंवा रोख घेतात. खिशात थोडे युरो ठेवायची सवय लावाच. सुरक्षिततेचं म्हणाल तर जर्मन बँकेतल्या ठेवींना माणशी १ लाख युरोपर्यंत कायद्याचं संरक्षण आहे, मोठी असो की छोटी.

ओळख पटवायला व्हिडिओइडेंट (व्हिडिओ कॉलवर) किंवा पोस्टइडेंट (पोस्टात जाऊन) असतं. काही बँका भारतीय पासपोर्टवर व्हिडिओ कॉलने ओळख पटवत नाहीत, मग कूपन प्रिंट करून पासपोर्ट, व्हिसा आणि आनमेल्डुंगचा कागद घेऊन पोस्टात जायचं, तिथला माणूस तपासून सही घेतो. मूळ कागद न्या, झेरॉक्स चालत नाही. फॉर्ममध्ये टॅक्स कुठे भरता ते विचारतात, टॅक्स आयडी अजून आला नसेल तर नंतर देतो असं सांगता येतं, आला की आठवणीने कळवा.

बँकेने नाही म्हटलं तर घाबरू नका. युरोपियन युनियनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला बाझिसकोंटो म्हणजे साधं खातं मिळायचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिलाय. त्याचा ठरावीक फॉर्म असतो, तो भरून दिला की बँकेला दहा कामाच्या दिवसांत खातं द्यावं लागतं किंवा लेखी कारण द्यावं लागतं, आणि त्यावर बाफिन या सरकारी नियामकाकडे दाद मागता येते. काउंटरवर तोंडी नाही म्हणाले तर शांतपणे तो फॉर्म मागा, बऱ्याचदा सूर लगेच बदलतो.

फसवणुकीबद्दल हात जोडून सांगते. पार्टटाइम जॉबची जाहिरात असते, घरबसल्या अॅप टेस्ट करा म्हणतात आणि टेस्ट म्हणून तुमच्याकडून व्हिडिओइडेंट करून घेतात, तो टेस्ट नसतो, तुमच्या नावाने खरंखुरं खातं उघडलं जातं आणि त्यातून चोरीचे पैसे फिरतात, पोलीस येतात ते तुमच्याकडे. कुणाचेही पैसे आपल्या खात्यात घेऊन पुढे पाठवू नका, ओळखीचा असला तरी. आणि घर न बघता डिपॉझिट पाठवू नका. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं असतं आणि ते तीन हप्त्यांत देता येतं, हे मालक स्वतःहून सांगत नाहीत.

खातं सुरू झालं की भाड्याला दाउअरआउफट्राग लावा म्हणजे दर महिन्याला आपोआप जाईल. हेल्थ इन्शुरन्स, मोबाइल वगैरे लास्टश्रिफ्टने कापलं जातं, म्हणजे कंपनीच तुमच्या परवानगीने खात्यातून पैसे घेते, त्यात चुकीचं काही कापलं गेलं तर आठ आठवड्यांच्या आत बँकेतून परत फिरवता येतं. डिस्पो म्हणजे ओव्हरड्राफ्ट आपोआप मिळाला तर बंद करा, व्याज फार असतं. आकडे नीट वाचा, इथे पूर्णविराम हजाराला आणि स्वल्पविराम दशांशाला, १.२५०,५० म्हणजे साडेबाराशेच्या वर पन्नास सेंट.

भारतातलं खातं विसरू नका. परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थीही फेमा म्हणजे परकीय चलनाच्या भारतीय कायद्याखाली अनिवासी धरला जातो, साधं सेव्हिंग्ज खातं एनआरओ म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करून घ्यायचं असतं. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, रिचार्ज संपला की ओटीपी बंद आणि इथून ते निस्तरणं फार त्रासाचं होतं.

आणि जर्मनी सोडताना विमानतळावर जायच्या आधल्या दिवशी खातं बंद करू नका. घराचं डिपॉझिट हिशोब होऊन काही महिन्यांनी परत येतं, ते त्याच खात्यात येणार असतं. ते आल्यावर मग लेखी क्युंडिगुंग म्हणजे खातं बंद करायची नोटीस पाठवा.