करडाला चीक पाजण्याआधी तोंडात बोट घालून बघा

वसंतात शेळ्या व्यायला लागतात तेव्हा रात्रीचा गारवा अजून सरलेला नसतो. पहाटे एखादं करडू कोपऱ्यात मलूल पडलेलं दिसतं आणि आपण घाईघाईने चीक पाजायला धावतो. तिथेच चूक होते. आधी बोट स्वच्छ धुऊन त्याच्या तोंडात घाला.

१. तोंड उबदार असेल आणि करडू बोट चोखत असेल, तर लगेच आईच्या सडाला लावा. त्याआधी सडाची पहिली धार जमिनीवर काढा. सडाच्या टोकाला चिकट बूच बसलेलं असतं, ते निघून जातं. अशक्त पिल्लाला ते ओढून काढणं जमत नाही, आणि आपल्याला वाटतं की ते पीतच नाही.

२. तोंड गार असेल तर चीक थांबवा. कोरड्या फडक्याने अंग जोराने चोळून पुसा, कानांच्या मागचा ओलावासुद्धा. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पोटाशी ठेवा.

३. तोंडात ऊब आली, मान धरता आली की मगच पाजा. एका वेळी किलोमागे साधारण ५० मिलि पुरे. पहिला चीक जन्मानंतर तास-दोन तासांत पोटात गेलेला उत्तम.

जपायचं ते एवढंच: मान टाकलेल्या करडाच्या तोंडात चीक कधीही ओतू नका, तो फुप्फुसात जातो. जन्मून पाच-सहा तास उलटले असतील आणि अंग गारठलेलं असेल, तर शेकण्याआधीच पशुवैद्याला फोन करा.